ओट्यावर अंधार का?

"स्वयंपाकघरात मोठी ट्यूब लावली, तरी कोथिंबीर निवडताना मान खाली घालून बघावं लागतं. आणखी मोठा दिवा लावू का?" घर बांधणारे किंवा जुनं घर दुरुस्त करणारे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. बारामतीच्या नव्या फ्लॅटमध्ये, इंदापुरातल्या जुन्या घरात किंवा उसाच्या रानातल्या वस्तीवर, तक्रार एकच असते: खोलीत उजेड आहे, ओट्यावर नाही.

बहुतेक घरांत दिवा लहान नसतो, त्याची जागा चुकलेली असते. जागा का चुकते, ती कशी शोधायची आणि त्यासाठी खर्च किती येतो, ते या प्रकरणात क्रमाने पाहू.

१. चिमणी देवळीत होती

वीज येण्याआधी स्वयंपाकघरात दोनच उजेड होते: चुलीतल्या जाळाचा आणि रॉकेलच्या चिमणीचा. चिमणीचा उजेड साधारण एका मेणबत्तीएवढा. पण ती चुलीजवळच्या देवळीत ठेवलेली असायची, म्हणजे भाकरी थापणाऱ्या बाईच्या समोर किंवा बाजूला. उजेड तोकडा होता, तरी तो थेट परातीत पडायचा.

मग वीज आली. खोलीच्या मधोमध होल्डर टांगला गेला आणि त्यात साठचा बल्ब लागला. चिमणीच्या निदान पन्नासपट उजेड आला. पुढे ट्यूब आली, ती बहुतेक वेळा दाराच्या वरच्या भिंतीवर बसली, कारण बोर्ड तिथे जवळ होता. दरम्यान चूल गेली आणि उभा ओटा आला, तोही भिंतीला लागून. आता स्वयंपाक करणारं माणूस भिंतीकडे तोंड करून उभं राहतं आणि दिवा त्याच्या पाठीमागे राहतो. उजेड वाढला, पण मध्ये डोकं आणि खांदे आले. विळीवर किंवा चॉपिंग बोर्डवर पडते ती आपलीच सावली.

२. वॅट म्हणजे खर्च, ल्युमेन म्हणजे उजेड

दुकानात आपण "नऊचा बल्ब द्या", "वीसची ट्यूब द्या" असं म्हणतो. हा आकडा वॅटचा असतो. दिवा किती वीज खातो ते वॅट सांगतात, तो किती उजेड देतो ते सांगत नाहीत. उजेडाचं माप ल्युमेन. ते खोक्यावर छापलेलं असतं, पण कुणी वाचत नाही.

दोन्हींत केवढा फरक पडू शकतो, याचं उत्तम उदाहरण बारामतीच्या शेजारी, नीरा नदीपलीकडे फलटणला आहे. १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. १९८१ साली अमेरिकेतून परतलेल्या डॉ. अनिल राजवंशी यांनी या संस्थेत रॉकेलच्या दिव्यांवर काम सुरू केलं. वातीचा कंदील बरंचसं रॉकेल उष्णतेत आणि काजळीत घालवतो, उजेड नावालाच देतो. गॅसबत्तीसारखी जाळी लावून आणि तेलाचं ज्वलन सुधारून तिथे 'नूरी' नावाचा कंदील तयार झाला. त्याचा उजेड शंभर वॅटच्या बल्बाच्या आसपास जात होता. पुढे याच संस्थेने 'लॅनस्टोव्ह' केला. त्यात वर अन्न शिजतं आणि त्याच ज्योतीवर जाळीचा दिवा चालतो. झोपडीत संध्याकाळी उजेड आणि स्वयंपाक या दोन्ही गरजा एकाच वेळी आणि एकाच जागी असतात, हे ओळखून केलेलं हे यंत्र होतं.

विजेच्या दिव्यांतही असाच पल्ला गाठला गेला. जुना साठचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन द्यायचा. आज तेवढा उजेड सात-आठ वॅटचा एलईडी देतो. चांगल्या एलईडीचा सोपा हिशेब म्हणजे एका वॅटला १०० ल्युमेन. हे दिवे स्वस्तही झाले. ५ जानेवारी २०१५ ला स्वस्त एलईडी दिव्यांची 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी घाऊक खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. त्यामुळे आज दिव्यांची संख्या वाढवणं महाग नाही. दिवा नेमका कुठे लावायचा, एवढंच ठरवायचं राहतं.

३. लक्स: जिथे हवा तिथे किती पोहोचला

ल्युमेन दिव्यातून निघतात. त्यांतले ओट्यावर किती पोहोचतात, याचं माप म्हणजे लक्स. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन पडला की एक लक्स.

ऊस किंवा डाळिंब करणाऱ्याला हा फरक लगेच कळेल. मोटारीतून किती पाणी बाहेर पडलं ते ल्युमेन आणि मुळाशी किती पोहोचलं ते लक्स. पाटाने पाणी सोडलं तर सगळं रान भिजतं, पण मुळाला मिळतं त्यातलं थोडंच. ठिबकने कमी पाण्यात मुळाचं काम होतं. छताची ट्यूब हे पाटपाणी आहे आणि ओट्यावरची छोटी पट्टी हे ठिबक. स्वयंपाकघराला दोन्ही लागतात, पण आपल्याकडे पाटपाणीच होतं आणि ठिबक राहून जातं.

लक्सचे काही आकडे लक्षात ठेवा. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास, ढगाळ दिवशी अंगणात दहा हजार, भर उन्हात एक लाख. स्वयंपाकघरात वावरायला १५० लक्स पुरेत. चिरायला, निवडायला ३०० ते ५०० हवेत. तांदळातला खडा, ज्वारीतला पोरकिडा, उजनी धरणातल्या चिलापी माशातले बारीक काटे दिसायचे तर याहून कमी उजेड चालत नाही.

मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप मिळतात, त्यांचा आकडा अंदाजी असतो. त्याहून सोपी परीक्षा अशी: रात्री नेहमीसारखं ओट्यापुढे उभं राहा, मसाल्याचं पाकीट ओट्यावर ठेवा आणि न उचलता त्यावरची बारीक छपाई वाचा. चष्मा असेल तर तो लावून. वाचता आली नाही, तर उजेड अपुरा आहे.

४. अंतर आणि सावली

बल्बपासून अंतर दुप्पट झालं की त्या जागी पडणारा थेट उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. अंतर तिप्पट झालं की नववा हिस्सा. कारण तोच उजेड लांबीत आणि रुंदीत अशा दोन्ही बाजूंनी पसरतो.

आता ओट्यावर हे लावून पाहू. छत दहा फुटांवर आहे आणि ओटा जमिनीपासून पावणेतीन फुटांवर, म्हणजे दोन्हींत साधारण सात फूट. तोच बल्ब ओट्यापासून दोन फुटांवर आणला, तर सातचा वर्ग ४९ आणि दोनचा वर्ग ४. म्हणजे थेट उजेड बारापट झाला. लांब पट्टीच्या दिव्याला हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही, पण कल जवळपास असाच राहतो.

सावलीचा नियम याहून सोपा आहे. दिवा तुमच्या पाठीमागे असला की सावली कामावर पडते. समोर, वरच्या बाजूला असला की ती तुमच्या अंगाकडे पडते. म्हणून ओट्याचा दिवा ओट्याच्या वरच्या कपाटाखाली किंवा फळीखाली हवा. तो कपाटाच्या मागच्या कडेला, भिंतीला चिकटवून लावला तर टाइल्स उजळतात आणि बोर्ड अंधारात राहतो. पुढच्या कडेला लावा आणि पुढे एक इंचाची पट्टी उतरवा, म्हणजे दिवा डोळ्यांत खुपणार नाही.

वरती कपाट नसेल, तर समोरच्या भिंतीवर ओट्यापासून दोन-अडीच फूट उंचीवर आडवी लहान ट्यूब लावा. खाली बसून भाकरी थापण्याची पद्धत असेल, तर चुलीच्या बाजूच्या भिंतीवर चार-साडेचार फुटांवर दिवा लावा. तिथे जुनी देवळी असेल, तर तिच्याजवळचीच जागा बहुतेक वेळा बरोबर निघते.

५. एका स्वयंपाकघराचा हिशेब

दहा फूट बाय आठ फुटांचं स्वयंपाकघर धरू. क्षेत्रफळ ८० चौरस फूट, म्हणजे सुमारे ७.४ चौरस मीटर.

सगळ्या खोलीत १५० लक्स हवेत. १५० गुणिले ७.४ म्हणजे १,११०. दिव्यातून निघालेल्या उजेडाचा जवळजवळ निम्मा भाग भिंती, छत आणि धूळ खातात, म्हणून दुप्पट धरू. २,२२० ल्युमेन झाले, म्हणजे २२ वॅटची एक एलईडी ट्यूब.

आता ओटा. आठ फूट लांब, दोन फूट रुंद, म्हणजे दीड चौरस मीटर. इथे आणखी ४०० लक्स हवेत. ४०० गुणिले १.५ म्हणजे ६००. दिवा जवळ असल्याने नुकसान कमी, पण थोडं धरून ८५० ते १,००० ल्युमेन. म्हणजे दहा वॅट, किंवा पाच-पाच वॅटच्या दोन पट्ट्या.

एकूण ३२ वॅट. हेच ४०० लक्स छतावरूनच द्यायचे ठरवले, तर ४०० गुणिले ७.४ आणि त्याची दुप्पट, म्हणजे सुमारे ५,९०० ल्युमेन, जवळजवळ ६० वॅट लागतील. आणि एवढं करूनही पाठीमागून पडणारी सावली तशीच राहील.

विजेचा खर्चही मोजू. ३२ वॅट रोज चार तास, म्हणजे महिन्याला चार युनिटांच्या आत. चोकसह पन्नास वॅटच्या आसपास खाणारी जुनी ट्यूब तेवढ्याच वेळात सहा युनिटं घ्यायची आणि शंभरचा पिवळा बल्ब बारा. उजेड वाढवूनही बिल कमी होतं.

६. उजेडाचा रंग

एलईडीच्या खोक्यावर २७००, ४०००, ६५०० असे आकडे असतात आणि पुढे 'के' हे अक्षर. आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर पांढरा. आपल्याकडे स्वयंपाकघरात सर्रास ६५०० चा पांढरा दिवा लागतो, कारण तो जास्त उजळ वाटतो. पण ल्युमेन तेवढेच असतील तर उजेड जास्त नसतो, फक्त रंग वेगळा असतो. स्वयंपाकघराला मधला ४००० चा उजेड चांगला. त्यात भाज्या निस्तेज दिसत नाहीत आणि सगळं पिवळंही दिसत नाही.

रंग किती खरे दिसतात, याचं दुसरं माप खोक्यावर 'सीआरआय' या नावाने असतं. ऊन म्हणजे १००. दिव्याला किमान ८० हवा, ओट्यावरच्या पट्टीला ९० मिळाला तर उत्तम. कमी सीआरआयच्या दिव्याखाली तिखटाचा लाल रंग मळकट दिसतो, मटण ताजं आहे की शिळं ते कळत नाही आणि कांदा बदामी झाला की करपायला लागला, हे उशिरा लक्षात येतं.

वस्तीवरच्या घरांना आणखी एक अडचण असते. कालवा, उसाचं रान आणि पहिला पाऊस यांच्यामुळे तिन्हीसांजेला दिव्यावर पतंग आणि चिलटं तुटून पडतात. किडे निळसर उजेडाकडे जास्त ओढले जातात. म्हणून दाराबाहेरचा आणि खिडकीजवळचा दिवा पिवळसर ठेवा, ओट्यावरचा ४००० चा ठेवा आणि खिडकीला बारीक जाळी बसवा.

७. फुकटचा उजेड

पर्जन्यछायेतल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ढगाळ दिवस कमी, त्यामुळे दिवसा स्वयंपाकघरात दिवा लावायची वेळ येऊ नये. येते, कारण खिडकीपुढे कपाट, पाण्याची टाकी किंवा शेजारच्याची भिंत असते.

उत्तरेची खिडकी सर्वांत शांत उजेड देते. बारामती सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, एरवी दक्षिणेला. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून वर्षातले बहुतेक महिने ऊन न येता उजेड येतो. पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिल-मेमध्ये संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी नेमकं ऊन आत येतं. तिला बाहेरून आडोसा हवाच.

वास्तुशास्त्र पाळणारी बरीच घरं आग्नेयेला स्वयंपाकघर आणि पूर्वेला तोंड ठेवतात. त्यात काही अडचण नाही. फक्त खिडकी अगदी डोळ्यांसमोर असेल, तर मुलांचे डबे करायच्या वेळी कोवळं ऊन थेट डोळ्यांत येतं आणि पातेल्यात काय चाललंय ते दिसत नाही. खिडकीच्या खालच्या तावदानाला दुधी काच लावली की काम होतं. उजव्या हाताने चिरणाऱ्याला डावीकडची खिडकी सर्वांत सोयीची, कारण हाताची सावली सुरीच्या धारेवर पडत नाही.

८. भिंती आणि ओटाही उजेड देतात

पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा जवळजवळ ८० टक्के भाग परत देते. काजळी धरलेली भिंत दहा टक्केही देत नाही. म्हणून चुलीच्या खोलीत मोठा दिवा लावण्याआधी चुन्याचा हात मारा, तो स्वस्त पडतो. गॅसच्या स्वयंपाकघरातही फोडणीचा तेलकट थर ट्यूबवर बसतो आणि उजेड हळूहळू खातो. दर महिन्याला दिवा बंद करून, तो थंड झाल्यावर पुसायचा.

आपल्याकडे ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आणि फळ्या कडप्प्याच्या करण्याची पद्धत आहे. दगड टिकतो, डाग दिसत नाहीत, पण काळा रंग उजेड गिळतो आणि वर पॉलिश असेल तर दिव्याचं झगझगीत प्रतिबिंब दाखवतो. ओटा काळाच हवा असेल, तर समोरच्या टाइल्स फिक्या, चकाकी नसलेल्या घ्या आणि एलईडी पट्टीवर दुधी झाकण घ्या.

९. घरातल्या वयस्कर माणसांसाठी

वयाबरोबर बुबुळामागचं भिंग पिवळट होतं आणि बाहुली कमी उघडते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. सुनेला पुरतो तो दिवा सासूबाईंना अपुरा वाटतो, यात हट्ट नसतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर उघडा, झगझगीत दिवा उलट त्रास देतो. म्हणून ओट्यावरचा उजेड वाढवा, पण दिवा डोळ्यांना थेट दिसू देऊ नका.

१०. वीज गेली तर

२००५ नंतरची काही वर्षं गावाकडे रोज दहा-बारा तासांचं भारनियमन सोसलेल्यांना वेगळं सांगायला नको. आज परिस्थिती बरी आहे, तरी वस्तीवर संध्याकाळी दाब कमी-जास्त होतो. जुन्या चोकची ट्यूब अशा वेळी फडफडत राहायची. चांगला एलईडी दिवा मोठ्या फरकातही सारखा जळतो. घेताना खोक्यावर 'व्होल्टेज रेंज' पाहा.

घरात इन्व्हर्टर बसवला, की त्यावर हॉलचा पंखा आणि टीव्ही घेतला जातो आणि स्वयंपाकघर राहून जातं. ओट्यावरची दहा वॅटची पट्टी आधी इन्व्हर्टरवर घ्या. अंधारात टीव्ही न दिसल्याने कुणी भाजत नाही.

११. वाफ, तेल आणि गॅस

शेगडीच्या बरोबर वर एलईडी लावू नका. उष्णतेने त्याच्या आतलं विजेचं सर्किट लवकर जातं. धूर ओढणारी विजेची चिमणी बसवली असेल तर तिचा स्वतःचा दिवा असतो, तो पुरे. सिंकजवळचा दिवा पाणी आत न जाणारा घ्या, त्याच्यावर 'आयपी ४४' किंवा त्याहून मोठा आकडा असतो. ओल्या हातांनी बटण दाबलं जाणारच, म्हणून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. ती शॉक लागताच क्षणात वीज तोडते.

एक नियम मात्र घरातल्या लहानथोर सगळ्यांना पाठ हवा. गॅसचा वास आला, तर दिव्याचं बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही. बटणातली बारीक ठिणगी स्फोटाला पुरेशी असते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि मग १९०६ या क्रमांकावर फोन करा.

१२. वायरमनला काय सांगायचं

हे सगळं प्लॅस्टर होण्याआधी ठरलं तर खर्च नगण्य, नंतर भिंत फोडावी लागते. ओट्याची जागा पक्की झाली की खडूने भिंतीवर तीन खुणा करा. पहिली छताच्या ट्यूबची, जी स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागे नको, शक्यतो ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर हवी. दुसरी ओट्यावरच्या पट्टीची, कपाटाखाली पुढच्या कडेला, वेगळ्या बटणावर. तिसरी त्या बटणाची, शेगडी आणि सिंकपासून दूर, पण हाताला येईल अशी.

भाड्याचं घर असेल, तर भिंत फोडायची गरज नाही. प्लगवर चालणारी पट्टी फळीखाली स्क्रूने बसवा, वायर शेगडीपासून लांब ठेवा आणि घर सोडताना काढून न्या.

आणि खुणा करताना ओट्यापुढे त्या घरात रोज स्वयंपाक करणाऱ्यालाच उभं करा. उजेड कुठे कमी पडतो, ते वायरमन, मिस्त्री आणि घरमालक यांच्यापेक्षा त्या माणसाला जास्त कळतं.